बांगड्यावर दूध

माझ्या उजव्या कोपरावर पहिला पांढरा डाग आला तेव्हा मी सहा वर्षांची होते. आता ओठांच्या कडेला, हातांच्या बोटांवर आणि पावलांवरही आहेत. ते कशामुळे आले हे मला कॉलेजात जाऊन शिकावं लागलं. बाकी सगळ्या रत्नागिरीला आधीपासूनच माहीत होतं. मांडवीच्या रस्त्यावर कुणालाही थांबवून विचारा. लहानपणी माशावर दूध प्यायली असेल, असं तो माझ्याकडे नीट न बघताही सांगेल.

आमच्या घरात हे ज्ञान आत्यानं आणलं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, सासर नाटे गावचं. डाग दिसला तशी तिनं आईला समोर बसवलं आणि चौकशी सुरू केली.

"वहिनी, नीट आठव. पोरीला काय काय खायला घातलंस?"

आईला खोटं बोलता येत नाही. ती मासे विकते, आणि मासा कालचा असेल तर कालचा म्हणून सांगून विकते. तिला आठवलं. मला खोकला झाला होता, दुपारी बांगड्याचं कालवण-भात जेवून झाल्यावर तिनं हळद घालून पेलाभर दूध पाजलं होतं.

"हां. मग झालं तर," आत्या म्हणाली. तपास संपला, गुन्हेगार सापडला.

त्या दिवसापासून आईनं मासे सोडले. कुणाला सांगितलं नाही, देवापुढे नारळ ठेवला नाही. वडील ट्रॉलरवर खलाशी. ते बोटीवरून आले आणि चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की ही नुसत्या डाळीशी भात खाते आहे. "बरं नाय काय गो?" त्यांनी विचारलं. "सोडलेत," ती म्हणाली. पुढे त्यांनी विचारलं नाही. आमच्यासाठी ती रोज बांगडे तळायची, मीठ बरोबर आहे का हे मला चाखायला लावायची. बाजारात शेजारच्या बायका चिडवायच्या, "ही स्वतः खात नाय, आणि लोकांना खायला घालते." गिऱ्हाइकं तर सरळ विचारायची, "तू का नाही खात? काही घालतेस का त्यावर?" वीस वर्षं तिनं हे ऐकून घेतलं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, प्राणिशास्त्र घेऊन, आणि ही गोष्ट मी अजिबात लाजत नाही सांगायला. दुसऱ्या वर्षाला असताना मी आईला समजावलं. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. शरीराची राखण करणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्याच चुकून या रंगाच्या पेशींना परक्या समजून मारतात. मासा पोटात, दूध पोटात, दोन्ही तिथंच पचतात. आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तू शिकलीस, बरं झालं." मग डाळ-भात कालवला. तीन वर्षं मी हे समजावत होते आणि तीन वर्षं ती डाळ-भात कालवत होती.

आईचा मला राग नव्हता. राग होता तो बाकीच्यांचा. यांचे नियम तरी पाहा. माशावर दूध प्यायचं नाही, पण बोंबील खाऊन अर्ध्या तासात दुधाचा चहा चालतो. का? तर चहातलं दूध हे दूध नव्हे. एक जण म्हणाला, तास उलटला की चालतं. दुसरा म्हणाला, सुक्या माशाला दोष नाही. मला शाळेत विज्ञान शिकवणारे सर आमच्याच आळीत राहतात. त्यांनी त्वचेचा धडा फळ्यावर आकृती काढून शिकवला होता. त्यांना मी गाठून विचारलं.

"पुस्तकात नाही तसं," सर म्हणाले, "पण अनुभव आहे ना."

"कुणाचा, सर?"

"लोकांचा."

"मग तुम्ही माझ्यासमोर बांगडा खाऊन दूध प्या."

सर हसले आणि त्यांना एकदम बँकेत जायचं आठवलं. रविवार होता.

आता मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. एका गृहस्थानं माझी बोटं बघून विचारलं, "दुसरं कुणी नाही का रक्त घ्यायला?" दुसरं कुणी आलं, रक्त घेतलं. तपासलं मीच. साखर बेफाम होती. ती त्याला चालत होती, माझी बोटं चालत नव्हती.

कॉलेजात असताना मी एक प्रयोगही केला होता. महिनाभर रोज दुपारी आईसमोर बसून बांगडा खायचा आणि वर पेलाभर दूध प्यायचं. नवा डाग आला नाही. आत्या आली तेव्हा मी तिला दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. ती म्हणाली, "तुला आता काय व्हायचं राहिलंय गो? ज्याला डाग नाय, त्यानं खाऊन दाखवावं." आयुष्यात एकदाच ती बाई शास्त्राला धरून बोलली आणि नेमकी माझा प्रयोग मोडायला. "मग तू खा," मी म्हटलं. "मला पोरींची लग्नं करायची आहेत," ती म्हणाली.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा जायला लागल्या आणि पहिले चांगले बांगडे आले, तशी आत्या जेवायला आली. दरवर्षी येते. चार बांगडे पानात घेतले, आणि माझं कुठं जमतंय का हे विचारून झाल्यावर नेहमीच्या ठिकाणी आली.

"वहिनी, तेव्हा ते दूध दिलं नसतंस, तर आज पोर घरात बसली नसती."

मी तोंड उघडणार, एवढ्यात आई चुलीपाशी उठली. तव्यातला बांगडा तिनं हातानं उचलला आणि उभ्यानंच खाल्ला. काटे एकेक करून बाजूला काढले, घाई केली नाही. मग चहासाठी तापवून ठेवलेलं दूध पेल्यात ओतलं आणि पिऊन टाकलं.

"वहिनी, काय करतेस काय?" आत्याचा हात पानातच राहिला.

"मला डाग नाय ना," आई म्हणाली. "तूच म्हणाली होतीस, डाग नाय त्यानं खावं."

आत्या गेल्यावर मी विजयानं फुलून आईला म्हटलं, "म्हणजे पटलं ना तुला शेवटी?"

आई भांडी घासत होती. "ते तुझं पेशींचं मला कधी कळलं नाय," ती म्हणाली. "म्हटलं, आला डाग तर आला. दोघी सारख्या दिसू."

मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि विसळत बसले.

आत्या दर आठवड्याला फोन करून विचारायची, "आला काय गो?" आला नाही. गणपती झाले, दिवाळी झाली, तरी नाही. तेव्हा आत्यानं नवा शोध लावला: वय झालं की माशावरचं दूध बाधत नाही. तिच्याशी वाद घालणं मी सोडून दिलं आहे.

परवा मी बाजारात आईजवळ उभी होते. एक बाई बांगडे उलटेपालटे करत म्हणाली, "तू म्हणे मासे खात नाहीस?"

"खाते की," आई म्हणाली. "वर दूध पण पिते."

बाईनं एकदा आईकडे, एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, बांगडे परत पाटीत टाकले आणि निघून गेली.

"जाऊ दे," आई म्हणाली आणि त्यातले दोन मोठे बघून बाजूला काढले. "हे आपल्याला."