शीळेची पंगत आणि मास्तरांचा दगड

सायकल वाटेत पंक्चर झाली की माणूस पायी घरी येतो. पण येताना एक किस्सा घेऊन येतो. नौपाड्यात आमच्या ओटीवर दर रविवारी माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, सायकल क्लब जमतो. सभासद चारच. मी दाराआड वाती वळत बसते. मी फारशी बोलत नाही, म्हणून मी ऐकते आहे हे कुणाच्या लक्षात राहत नाही. अशाने वाती थोड्या होतात आणि किस्से फार!

क्लबचे मुख्य काम म्हणजे पौषातली फेरी. एका रविवारी ठाण्याहून शीळेपर्यंत सायकलने जायचे, गोदूकाकूंच्या खाणावळीत जेवायचे आणि परत यायचे. आई आणि मी पहाटे बैलगाडीने पुढे निघतो, कारण सगळ्यांची सोवळी आमच्याजवळ असतात. क्लबचा नियम आहे की शेवटचा सभासद पोचल्याशिवाय पंगत बसायची नाही.

*

पहिल्या वर्षी कळव्याच्या पुढे वामनराव सायकल उलटी करून साखळीला तेल घालत होते. वामनराव स्टेशनात तारेचे काम करतात आणि क्लबात सर्वांत वेगाने जातात. शेतावरून येणारी एक म्हातारी थांबली.

"याला खावाला काय घालतंस रं?"

"काही नाही आजी. नुसतं तेल."

म्हातारीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "आमाला कालवनाला तेल मिलत नाय, न तू चाकाला घालतंस?"

वामनरावांनी बाटलीला बूच लावले आणि पुढचे दोन मैल साखळी कुरकुरत गेली!

*

गोदूकाकूंची खाणावळ सोवळ्याची. सायकलची बैठक चामड्याची. काकूंनी पहिल्याच वर्षी उंबऱ्यात हात आडवा धरला. "चामड्यावर बसून आलात ना? मग विहिरीवर जा. आंघोळ केल्याशिवाय पान नाही!"

पौषातले पाणी! क्लबातले डॉक्टर पहिला तांब्या अंगावर घेऊन असे ओरडले, की आमचा एक बैल दावे तोडून गेला.

दुसऱ्या वर्षी नानांनी युक्ती केली. बैठकीवर मृगाजिन शिवून घेतले आणि ऐटीत उंबऱ्याशी उभे राहिले. "काकू, मृगाजिन पवित्र. आता आंघोळ नको."

काकू म्हणाल्या, "मृगाजिनावर बसून जप करतात. तुम्ही केलात का?"

"केला की! मुंब्र्याच्या उतारावर ब्रेक लागेना. खाली येईपर्यंत तीनदा रामरक्षा झाली."

काकू उंबऱ्यातून बाजूला झाल्या. "मग तुम्ही या आत. बाकीचे विहिरीवर!"

*

चौथे सभासद गोविंदमास्तर. नाना, डॉक्टर आणि वामनराव, तिघेही त्यांच्या हाताखाली शिकलेले. मास्तर निवृत्त झाले तेव्हा या तिघांनीच त्यांना सायकल भेट दिली. आता ते आमच्या मुलींच्या शाळेत हौसेने गणित शिकवायला येतात.

मास्तरांचा उजवा गुडघा धरलेला आहे. इतर लोक मागच्या चाकाच्या खुंटीवर पाय देऊन उडी मारतात आणि चढतात. मास्तरांना ते जमत नाही. त्यांना मैलाचा दगड लागतो! दगडावर पाय ठेवायचा, दुसरा पाय सावकाश पलीकडे टाकायचा आणि निघायचे. मग कोणी आडवे आले नाही, तर ते कुठवरही जातील. पण मध्येच उतरावे लागले, की पुढचा दगड येईपर्यंत सायकल हातात धरून चालायचे.

एकदा वाटेत गाय आडवी बसली होती. मास्तर उतरले नाहीत. तिच्याभोवती गोल गोल फिरत राहिले आणि म्हणत राहिले, "ऊठ गं बाई. तुझ्यापायी मला पाऊण मैल चालायला लावू नकोस."

नाना शपथेवर सांगतात, की गाय उठली.

*

फेरीची चिठ्ठी वामनराव लिहितात आणि ती आधी मास्तरांकडे जाते. "पहाटे ५ वाजता निघणे." तेवढेच. तरी मास्तर दरवेळी चष्मा वर करतात.

"वामन, पाचाची शेपटी!"

वामनरावांच्या पाचाला पतंगासारखी लांब, वळसेदार शेपटी असते. शाळेत असताना त्यांनी यासाठी पट्ट्या खाल्ल्या आहेत. आता त्यांना दोन मुले आहेत, पण शेपटी आखूड झालेली नाही. आम्हा मुलींनाही मास्तर सांगतात, "पाच असा काढा, की वामनला लाज वाटेल."

*

गेल्या वर्षीचा किस्सा मात्र ओटीवर कोणी सांगत नाही. मुंब्र्यापुढच्या चढणीवर मास्तरांना दम लागला आणि ते उतरले. माथ्यापर्यंत चालले आणि माथ्यावर दगड नाही, म्हणून पुढच्या पाच आकड्याच्या दगडापर्यंतही चालले. इकडे पाने मांडलेली, भात निवला, उसळीवर तवंग थिजला. शेवटी डॉक्टर भुकेने वैतागून म्हणाले, "मास्तरांनी आता बैलगाडीतूनच यावं हे बरं!"

मास्तर तेव्हाच कुंपणाशी पोचले होते. मी त्यांना पाहिले. डॉक्टरांनी पाहिले नाही.

मास्तर जेवले, काकूंच्या भाताची तारीफही केली. परत निघताना मात्र नानांना हळूच म्हणाले, "आणखी एक पौष बघतो. माझ्यासाठी पुन्हा पंगत थांबली, तर सायकल कुणा तरुणाला देऊन टाकीन."

नानांनी हे डॉक्टरांना सांगितले. त्यानंतर डॉक्टर कितीतरी रविवार ओटीवर आलेच नाहीत.

*

यंदा फेरीच्या आदल्या संध्याकाळी वामनराव मागल्या दाराने आले. मी एकटीच विहिरीपाशी होते.

"अगं, दिवाळीचा चुना उरलाय का? आणि कुंचला? थोडी काजळीही दे, आकडा काढायला. आणि कुणाला सांगू नकोस हं." मग स्वतःच हसले. "तू कशाला सांगतेस!"

मी डबा दिला.

पहाटे आमची गाडी चढणीच्या माथ्यावरून गेली तेव्हा मी वाकून पाहिले. करवंदीच्या जाळ्या होत्या, दुसरे काही नव्हते.

शीळेला नाना, डॉक्टर आणि वामनराव बरोबरच पोचले. एरवी वामनराव खूप आधी येतात. डॉक्टरांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती आणि नानांना कंबर सरळ करता येत नव्हती. तिघे मुकाट्याने विहिरीवर गेले, मृगाजिनवाले नानासुद्धा. डॉक्टर या वर्षी ओरडले नाहीत.

ते सोवळे नेसून येतात न येतात, तोच बाहेर घंटी वाजली.

"अगं बाई, मास्तर!" काकू पळी हातात घेऊन बाहेर आल्या. "अहो, भात उतरायचाय अजून!"

"उतरू दे," मास्तर म्हणाले. "मी थांबतो तुमच्यासाठी." त्यांनी जोडे काढून भिंतीशी ठेवले. एका जोड्याचा तळवा पांढराशुभ्र होता आणि अजून ओला होता.

मास्तरांची आंघोळ होईपर्यंत भात उतरला आणि पंगत बसली. काकू वाढायला आल्या आणि वामनरावांपाशी थबकल्या. "हे काय? कानामागे चुना? अहो, चुना पानाला लावतात!"

वामनरावांनी कान झाकला. डॉक्टर मिठाकडे बघू लागले. पहिला भात नेहमी मास्तरांच्या पानावर पडतो. पण मास्तरांनी आपल्या पानावर हात आडवा धरला.

"आधी वामनला वाढा."

काकूंनी वाढले. वाफाळता भात, वर तूप. मास्तरांनी चष्मा वर केला.

"वामन, माथ्यावरच्या पाचाची शेपटी अजून तशीच आहे. पुढच्या पौषात जरा आखूड काढ."