हाउगेन आडनावाची माणसं

गेल्या गुरुवारी आमच्या शेजारच्या आजोबांचा फ्युनरल झाला. टोरांटोजवळच्या रिचमंड हिलच्या त्या हॉलमध्ये आम्ही मोजून नऊ जण होतो... आणि त्यात त्यांच्या नात्याचं एकही माणूस नव्हतं.

त्यांचं आडनाव हाउगेन. वय चौऱ्याऐंशी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी त्यांना मिस्टर हाउगेन म्हणायचो आणि ते मला नुसतं 'वाला', कारण वालावलकर काही त्यांच्या जिभेला झेपत नव्हतं.

रिसेशनमध्ये माझी नोकरी गेली आणि मी दिवसभर घरी बसायला लागलो. रिझ्युमे पाठवून कंटाळा आला की दुपारी त्यांच्याकडे कॉफीला जायचो. अशाच एका दुपारी ते म्हणाले, डॉक्टरांनी हार्टचं स्पष्ट सांगितलंय... जायच्या आधी काकांच्या घरचं एक जरी माणूस भेटलं तर बरं वाटेल.

त्यांचे वडील आणि काका दोघेही नॉर्वेहून पश्चिम कॅनडात, सस्कॅचेवानला, शेती करायला आलेले. पुढे भावाभावांत बिनसलं, तेव्हा हे पाच वर्षांचे होते. काकांचं नाव निल्स आणि त्यांना एक मुलगी होती, एवढंच यांना आठवत होतं. घरात पुन्हा कोणी त्यांचा विषय काढला नाही.

मी म्हटलं, हात्तिच्या, यात काय अवघड आहे? आमच्याकडे वालावलकर म्हटला की गाव वालावल. दोन प्रश्न विचारले की कुठून तरी नातं निघतंच. तुमच्याही आडनावाचे सगळे भाऊबंदच असणार, असं मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं... आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की मलाच माझं कौतुक वाटलं.

ऑनलाइन डिरेक्टरीत हाउगेन शोधायला बसलो. टोरांटोकडे तुरळक, पण सस्कॅचेवान आणि अल्बर्टात भरपूर. निल्स हाउगेन तुमचे कोणी का, असं विचारणारी चाळीसेक पत्रं मी टाइप केली, खाली माझा ईमेल दिला आणि प्रत्येकावर त्यांनी सही केली.

त्या दिवसापासून ते रोज वॉकर घेऊन, उत्तर आलं का बघायला, कोपऱ्यावरच्या मेलबॉक्सपर्यंत जायला लागले. चार-पाच उत्तरं आली. सॉरी, ते आम्ही नव्हे... सगळ्यांत तेच.

ऑक्टोबरात अल्बर्टाच्या एका हाउगेनबाईंचा मला ईमेल आला. रिटायर्ड टीचर, घराण्यांचा इतिहास जुळवायचा नाद असलेल्या. त्यांनी लिहिलं होतं, हाउगेन म्हणजे टेकाड. नॉर्वेत ज्या शेताजवळ टेकाड त्या शेताचं नाव हाउगेन, आणि त्यावर राहील तोही हाउगेन. पूर्वी माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की आडनावही बदलायचं.

अशी शेतं तिकडे गावोगाव. त्यामुळे नॉर्वेत, अमेरिकेतल्या मिनेसोटात, आपल्या प्रेअरीच्या मैदानी मुलखात हाउगेन ढिगाने सापडतात, पण बहुतेक एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

पुढचं वाचून मी गारच पडलो. इकडे येताना सख्खे भाऊसुद्धा वेगवेगळं आडनाव लावायचे. एक शेताचं, तर दुसरा बापाच्या नावापुढे 'सेन', म्हणजे मुलगा, जोडून. 'त्यांना आजोबांचं नाव विचारा, काका कदाचित त्या नावाने सापडतील,' असं बाईंनी लिहिलं होतं.

म्हणजे माझी चाळीसच्या चाळीस पत्रं बहुधा भलत्याच दारात गेली होती. आणि विचारायला फार तर दोन मिनिटं लागली असती.

मी गेलो नाही.

बायको म्हणाली, "अरे, जाऊन सांग ना. होप लावून बसलेत ते. ही हॅज अ राइट टू नो." मी म्हटलं, "त्यांना वाईट वाटेल गं. बघू वीकेंडला." खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटत होती. एवढी शेखी मिरवल्यावर, मी चुकलो हे कुठल्या तोंडाने सांगणार?

असे तीन आठवडे गेले. मेलबॉक्सपाशी दिसले की ते विचारायचे, "एनी न्यूज, वाला?" मी म्हणायचो, "पीपल आर स्लो, मिस्टर हाउगेन." ते मान डोलवायचे. नंतर नंतर तर ते बाहेर दिसले की मी घरातच थांबायला लागलो.

नोव्हेंबरात एका सकाळी ते झोपेतच गेले.

फ्युनरलची सगळी व्यवस्था त्यांनी आधीच करून ठेवली होती. पेपरात द्यायचा मजकूरही स्वतःच लिहिलेला... वडील अँडर्स, आजोबा लार्स, नॉर्वेतल्या गावाचं नाव. बातमी सस्कॅचेवानच्या पेपरातही द्यावी, अशी खाली सूचना. संपर्कासाठी फोन नंबर माझा.

काल दुपारी फोन वाजला. सस्कॅचेवानहून एक म्हातारी बाई बोलत होत्या, आवाज कापरा. माहेरचं आडनाव लार्सेन म्हणाल्या... वडील निल्स.

त्यांनी विचारलं, त्याने आमची कधी आठवण काढली का?

मी सगळं सांगितलं. पत्रं, मेलबॉक्स, तो ईमेल, ते तीन आठवडे... काही लपवलं नाही. त्या आता रागावतील, याची मी वाट बघत होतो. रागावल्या असत्या तर खरंच बरं झालं असतं.

मग त्या शांतपणे म्हणाल्या, "थँक यू फॉर बीइंग हिज नेबर."

आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीने, "यू आर वेलकम" म्हणून मोकळा झालो.