पेन्सिलीने लिहिलेले पाच आकडे

ऑफिसात त्यांना सगळे टक्केबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिथल्या भिंती प्लायवूडच्या आणि बाईंचे कान तिखट, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्यांना ते कळलं होतं. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. काम तेच होतं. मोठ्या, निवडक विद्यापीठांत जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या फायली त्यांच्या टेबलावर येत. चार वर्षांचे मार्क, प्रवेश परीक्षेचा निकाल, शिक्षकांची शिफारसपत्रं, मुलाने स्वतःबद्दल लिहिलेला निबंध. बाई सगळं वाचत, मागच्या सात वर्षांत तसल्याच मुलांचं कुठे काय झालं ते आपल्या तक्त्यात शोधत आणि प्रत्येक विद्यापीठापुढे पेन्सिलीने एक आकडा लिहीत. शंभरात किती शक्यता, एवढंच. मग यादीचे तीन भाग पाडत: दूरची, जोडीची आणि हातची. दूरची म्हणजे लागली तर लॉटरी. जोडीची म्हणजे मुलाच्या मार्कांना साजेशी. हातची म्हणजे आईबापांना झोप लागावी म्हणून.

त्याआधी एकतीस वर्षं त्या शाळेत गणित शिकवत होत्या आणि तिथेही त्यांच्याबद्दल गोड बोलणारं कोणी नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शेवटच्या वर्गाचे पेपर त्यांच्याकडे तपासायला आले आणि त्या गठ्ठ्यात सख्ख्या धाकट्या भावाचा पेपर निघाला. पास व्हायला तीन मार्क कमी पडत होते. वडील रात्रीच्या जेवणाला बसले ते घासच घेईनात.

"तीन मार्कांनी तुझं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. त्याला येत नाही," बाई म्हणाल्या.

भावाचं वर्ष गेलं. बरोबरची मुलं पुढे निघून गेली आणि तो त्याच बाकावर, स्वतःच्या बहिणीसमोर, वर्षभर मान खाली घालून बसला. पुढे त्याने लिफ्ट बसवण्याचा धंदा काढला, तो चांगला चालला, लग्न झालं, मुलगी झाली. पण ते वर्ष काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही. आई होती तोवर दोघं तिच्या औषधांपुरतं फोनवर बोलत. आई गेली आणि फोनही बंद झाले.

आणि एके दिवशी हाच भाऊ त्याच ऑफिसात आला. बाईंना भेटायला नव्हे. सरळ संचालकांच्या केबिनमध्ये गेला. प्लायवूडपलीकडून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"माझ्या मुलीची फाइल त्या बाईंच्या हातात जाता कामा नये."

"छे छे, अजिबात नाही," संचालक म्हणाले.

ऑफिसात फायली तपासणारं दुसरं कोणी नव्हतंच. अर्ध्या तासाने संचालकांनी फाइल आणून बाईंच्या टेबलावर ठेवली. नावावर पांढरी पट्टी चिकटवली होती. "साधीच केस आहे," म्हणाले आणि निघून गेले.

बाईंनी निबंध उघडला. पहिलंच वाक्य होतं: 'माझ्या जन्माच्या खूप आधीपासून आमच्या घरात तीन मार्क राहतात.' पुढे सगळं होतं. जेवणाच्या टेबलावर बाप कसा चिडतो, आत्याचं नाव निघालं की आई कशी टीव्हीचा आवाज वाढवते, आणि जिला मी आयुष्यात चारदा पाहिलं ती बाई मला राक्षसीण वाटावी की एकटी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाईंनी तो दोनदा वाचला. त्या वर्षातला सगळ्यात चांगला निबंध होता. त्यांना रागही आला आणि अभिमानही वाटला, आणि अभिमान वाटल्याचा आणखी राग आला.

पण एकट्या निबंधाच्या जोरावर काय होणार? मार्क चांगले होते, फार चांगले नव्हते. प्रवेश परीक्षेत पोरगी मधल्या फळीत होती. आणि यादीत पाच विद्यापीठं, पाचही दूरची. जोडीचं एक नाही, हातचं एक नाही. बाईंनी पाच आकडे लिहिले: तीन, चार, चार, सहा, आठ. खाली लिहिलं, 'ही यादी धोक्याची आहे. किमान चार नावं वाढवा.'

चार दिवसांनी छापील अहवाल फाइलला लागला. त्यात होतं: तीस, चाळीस, चाळीस, साठ, ऐंशी. खालची ओळ गायब. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत, मूल्यमापक म्हणून नाव बाईंचं.

बाई अहवाल घेऊन केबिनमध्ये शिरल्या. "हे कोणी केलं?"

"बसा बाई."

"शून्यं कोणी जोडली?"

"तुमचे आकडे वाचले की लोक समोरच्या ऑफिसात जातात," संचालक शांतपणे म्हणाले. "आणि त्या माणसाला या पाच विद्यापीठांच्या खालचं काही ऐकायचंच नाही. मी जोडीच्या कॉलेजचं नाव काढलं तर म्हणाला, माझी मुलगी काय टाकाऊ आहे का? मग म्हटलं, घ्या."

"माझं नाव काढा त्यावरून."

"काढतो की," ते म्हणाले. काढलं नाही.

अर्जांची मुदत संपायला तेव्हा तीन आठवडे होते. बाईंनी दुपारी जिन्यात उभं राहून भावाला फोन लावला.

"मी बोलतेय."

"नंबर दिसतोय मला."

"तुझ्या मुलीच्या अहवालातले आकडे..."

"म्हणजे फाइल तू पाहिलीस!" तो ओरडला. "ताई, तुला लाज कशी वाटत नाही गं? माझं एक वर्ष खाल्लंस, आता तिच्या मागे लागलीस? पुन्हा फोन करायचा नाही." आणि फोन आपटला.

बाई जिन्यात तशाच उभ्या राहिल्या. फायलीत मुलीचा नंबर होता. एक फोन पुरला असता. त्यांनी नंबर काढलाही, बोट बटणावर ठेवलंही. मग त्यांच्या मनात आलं: बसू दे त्याला. एकदा कळू दे, आकडा म्हणजे काय असतो. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि वर येऊन दुसरी फाइल उघडली. मुदत संपली त्या दिवशीही त्यांना तारीख पाठ होती. त्या काही बोलल्या नाहीत.

पाचही ठिकाणांहून नकार आले. आठ टक्केवाल्याचा सगळ्यात शेवटी आला.

भाची एकटीच आली. उंच, बापासारखी जाड भुवयांची. छापील अहवाल तिने टेबलावर ठेवला. "आत्या, यावर तुझं नाव आहे. हे आकडे तुझे?"

"नाहीत." बाईंनी कपाटातून पेन्सिलीचा कागद काढून दिला.

भाची वाचत राहिली. "म्हणजे तुला माहीत होतं."

"तुझ्या बापाला फोन केला होता. त्याने ऐकलं नाही."

"मला का नाही केलास?"

बाईंना खोटं सांगता आलं असतं. नंबर नव्हता, नियमात बसत नव्हतं, काहीही. पण आकड्यांशी इतकी वर्षं काढलेल्या बाईंची जीभ तिकडे वळेना. "त्याचा राग होता," त्या म्हणाल्या.

"मग त्याच्यावर काढायचा होतास. मी काय केलं होतं तुझं?" भाचीचा आवाज चढला नाही, म्हणूनच जास्त लागला. "मी निबंधात लिहिलं होतं ना, ठरवता आलं नाही म्हणून. आता आलं."

तासाभरात भाऊ आला. फोनवर मुलीने सांगितलं असावं. त्याने टेबलावर हात आपटला तशी शेजारची टायपिस्ट उठून उभी राहिली. संचालक केबिनच्या दारातूनच म्हणाले, "मूल्यमापन बाईंचं असतं, साहेब, आम्ही फक्त छापतो."

बाईंनी पेन्सिलीचा कागद भावापुढे धरला. त्याने तो वाचला, संचालकांकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. बाईंना क्षणभर वाटलं, आता तरी याला कळेल खोटं कोणाचं होतं ते.

"हा माणूस चोर आहे," भाऊ म्हणाला. "त्याला मी बघून घेईन. पण तू? तू खरं काय ते खिशात ठेवून माझी पोरगी बुडताना बघत बसलीस. त्या वेळी निदान पेपर तरी तपासला होतास."

कागद बाईंच्याच अक्षरातला होता आणि तोच त्यांच्या विरुद्ध बोलत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली. जाण्याआधी, त्या मोसमात आपल्या नावाने असे फुगवलेले अहवाल ज्या घरांत गेले होते त्या सगळ्यांना एकेक चिठ्ठी टाकली: खरे आकडे हे होते. त्रेसष्ट चिठ्ठ्या. संचालकांनी वकिलाची धमकी दिली. काही आईबापांनी फोन करून बाईंनाच शिव्या घातल्या, उशिरा सांगितलं म्हणून. बाई प्रत्येक फोन उचलत, पूर्ण ऐकत आणि "बरोबर आहे तुमचं" म्हणून ठेवत. दोन वर्षांत समोरच्या ऑफिसाने संचालकांचं गिऱ्हाईक ओढलं. तिथे आकडे आणखी मोठे मिळत, असं बाईंच्या कानावर आलं.

नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात टपालाने एक जाड लिफाफा आला. भाचीची नवीन फाइल. पत्र नाही, निबंधही वेगळा, नदीवरच्या पुलाच्या दुरुस्तीबद्दलचा. फक्त वर चिकटवलेल्या एका पट्टीवर लिहिलं होतं, 'सगळे आकडे लिही. मला हवे तसे नकोत.'

बाईंनी आठ दिवस घेतले. नऊ नावं लिहिली: दोन दूरची, चार जोडीची, तीन हातची. दूरच्यांपुढे पाच आणि सात. पाच लिहिताना एकदा सहा लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर मेसेज आला: 'जोडीतल्या दुसऱ्याने घेतलं. यादी तू केलीस हे बाबांना माहीत नाही. सांगू नकोस.'

बाईंनी 'नाही सांगत' एवढंच लिहिलं. बरीच वाट पाहिली, पण त्यावर काही आलं नाही. भाऊ आजही भेटेल त्याला सांगतो की त्याच्या पोरीने कोणाची मदत न घेता, स्वतःच्या हिमतीवर जागा मिळवली. बाईंच्या कानावर येतं ते. त्या मान हलवतात.