दार लाव गो बाय

आमच्या घरातली पहिली बीएस्सी मी, आणि परळच्या लॅबमध्ये नोकरी लागली याचा तोरा मला अजून आहे. तिथले आमचे मोठे सर माणसांशी पुस्तकी मराठी बोलतात आणि तिसऱ्यांशी, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांशी, मालवणी. खाडीचा गाळ किती विषारी आहे हे बघायला आम्ही तो काचेच्या भांड्यांत भरतो आणि त्यात जिवंत तिसऱ्या सोडतो. सर रोज सकाळी प्रत्येकीला काचकांडीने हळूच टोचतात. "दार लाव गो बाय." शिंपला मिटला की ती जिवंत. माझी आईही डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत तिसऱ्या शिजवण्याआधी अशीच एकेकीला टिचकी मारून बघते.

गेल्या आठवड्यात एका भांड्यातल्या निम्म्या तिसऱ्यांनी दार लावलंच नाही. सरांनी त्यांना पुन्हा एकदा एकेक करून टोचून पाहिलं. दुपारी जेवायला बसलो, तर माझ्या डब्यात तिसऱ्यांचं सुकं. मी पहिला घास उचलणार, तोच सरांनी माझ्या डब्यावर झाकण ठेवलं.

"खंयच्यो?"

माझ्याशी ते मालवणीत कधीच बोलले नव्हते.

"दारावर येणाऱ्या मावशीकडच्या. पण सर, आई बघून घेते. सगळ्या जिवंत होत्या."

"भांड्यातल्यो पण काल जित्योच होत्यो गो बाय," म्हणत त्यांनी स्वतःची भाजी माझ्याकडे सरकवली.

मी तशीच उठले आणि घरी फोन लावला.

"आई, जेवलीस?"

"मगाशीच. का गो, तिखट झालं?"