पुस्तकातली मावशी

माझ्या कादंबरीतलं गाव म्हणजे पाचोड, फक्त नाव बदललेलं. ती वाचून पुण्याचे एक गृहस्थ औरंगाबादला माझ्या घरी आले. ते गाव दाखवाच, म्हणून हटून बसले. वैतागून नेलं एकदाचं, बाजाराच्या दिवशी. तिथं माझी सख्खी मावशी पोत्यावर वांगी मांडून बसली होती. गृहस्थांनी नेमकं तिलाच पुस्तकातल्या गावाचं नाव सांगून विचारलं, "हेच का ते?"

"नाय बाबा, असलं गाव इकडं नाय," म्हणत ती माझ्याकडं बघून हसली. मला तिच्या पोत्याची लाज वाटली. मी ओळख दिली नाही.

कादंबरीत नायक भर बाजारात मावशीच्या पाया पडतो. परतताना गृहस्थ म्हणाले, "तो प्रसंग अगदी खरा वाटतो हो."