थळच्या मावशीचा बर्नर

माझ्याकडे एकोणतीस पितळी स्टोव्ह आहेत आणि त्यातला एकही लबाडीने मिळवलेला नाही, असं मी लोकांना छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही.

किहीमला आमच्या पडवीत भिंतीला फळ्या ठोकून ते मांडलेत. सगळे पंपाचे, घासलेटवर चालणारे. कुणी माळ्यावर टाकलेले, कुणी भंगारात काढलेले. मी आयुष्यभर कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झाल्यावर हाताला चाळा म्हणून एक दुरुस्त केला आणि मग हात थांबेना. टाकी चिंचेने घासायची, पंपातला सुकलेला चामड्याचा वायसर बदलायचा, तुंबलेलं निपल मोकळं करायचं. बायको म्हणते, "घरात गॅस असताना एवढ्या सवती कशाला आणून बसवल्यात?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं करतो.

थळची एक मावशी आमच्या दारावर वर्षानुवर्षं मासळी घेऊन यायची. एक डोळा गेला, दुसऱ्यात मोतीबिंदू उतरला, तेव्हा तिची पाटी सुटली. मग ती दिवसभर किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या झापाखाली बसून वाळत घातलेल्या मासळीची राखण करायची. तिथेच तिचा स्टोव्ह होता. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून चहा पाजायचा, हा तिचा थाट. एकदा पंप हवा धरेना, म्हणून मुलाने तो स्टोव्ह माझ्याकडे आणून टाकला.

काम दहा मिनिटांचं होतं. वायसर बदलला आणि संपलं. पण माझी नजर बर्नरवर गेली. जुना, आवाजाचा बर्नर. वर जाड तबकडी, मानेवर परदेशी शिक्का. असा मी फक्त दुसऱ्याच्या संग्रहात पाहिला होता आणि त्या माणसाचा आठवडाभर हेवा केला होता. मी तो काढून घेतला आणि अलिबागच्या दुकानातून आणलेला जाळीच्या टोपीचा, बिनआवाजाचा नवा बर्नर तिथे बसवला.

स्टोव्ह पोचवायला स्वतः गेलो. "जुना बर्नर कामातून गेला होता मावशी. नवा घातलाय. आता कानाला त्रास नाही."

"आवाज न्हाय?" ती म्हणाली. "मंग पेटलाय का न्हाय ता मना कसा कलंल?"

"दिसेल की!" मी हसून म्हणालो.

एका डोळ्याने आंधळ्या आणि दुसऱ्याने धूसर पाहणाऱ्या बाईला मी हे सांगितलं. आणि ती बिचारी हसली. वर संध्याकाळी मुलाच्या हाती पिशवीभर सुका जवळा पाठवला. मी मजुरी घेतली नव्हती म्हणून. तो जवळा मी भाकरीशी चवीने खाल्ला, हेही लिहून टाकतो.

महिन्याभराने तिचा मुलगा बाजारात भेटला. म्हणाला, आईचा हात भाजला. भर दुपारचं ऊन, त्यात निळी ज्योत चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाही. स्टोव्ह विझला असं समजून तिने तो उचलायला वरच्या कड्याला हात घातला. सगळा तळवा गेला.

कबुली द्यायला म्हणून गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे बर्नर खिशात घालून, गुपचूप बसवून परत यावं एवढाच बेत होता.

मावशी झापाखाली बसली होती, हाताला फडकं गुंडाळलेलं. मुलाने स्टोव्ह माझ्यापुढे सरकवला. "काका, ह्यो तुमीच न्या. आईला आता पेटवू देनार न्हाय."

"ने बाबा," मावशी म्हणाली. "तुज्याकं घासूनपुसून तरी ऱ्हाईल. मीच आंधली, त्याला तू काय करशील? पन एकदा माज्यासमोर पेटव."

मुलगा घासलेट आणायला घरी गेला, तेवढ्यात मी बर्नर बदलला. ती समोर बसली होती आणि मी तिच्या देखत बदलला. तिला दिसत नाही याचा दुसऱ्यांदा फायदा घेतला. मुलगा आल्यावर टाकी भरली, बर्नरच्या मानेला पेटता काकडा लावला, तापल्यावर पंप मारला. स्टोव्ह घरघरायला लागला.

मावशीची मान वर झाली. बराच वेळ ती ऐकत राहिली.

"ह्यो माजाच हाय," ती म्हणाली. "मंग मदी कुठं होता?"

जुनाच दुरुस्त केला, असं म्हणून सुटता आलं असतं. थाप तोंडावर तयार होती. पण लाज अशी दाटून आली की ती मारवेना. "माझ्याकडे होता, मावशी."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मुलाकडे तोंड फिरवलं. "इझव त्याला. घरात नेऊन ठेव. ह्याला देऊ नको."

स्टोव्ह तिच्याच घरी आहे. ओट्यावर पाटीखाली पडलेला असतो, खाऱ्या हवेने पितळ हिरवं पडत चाललंय. घासून देऊ का, असं विचारायला मला तोंड नाही.

परवा थळला गेलो होतो. मावशीची सून घरून थर्मासमधून चहा घेऊन झापाखाली आली होती. मावशी पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखत होती आणि एकेकाला विचारत होती, "चाय घेतंस?" मी तिच्या पुढ्यातून गेलो. मला तिने विचारलं नाही.