बाबा 'नाही' म्हणायला शिकले

वयाच्या बहात्तराव्या वर्षी माझे बाबा वाया गेले, आणि तेही माझ्याच टीव्हीमुळे.

त्याआधी ते अतिशय सोयीचे गृहस्थ होते. आई गेल्यावर मी त्यांना सहा महिन्यांसाठी नागपूरहून अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला घेऊन आले. एकटं वाटू नये म्हणून आणलं, असं मी सगळ्यांना सांगत होते. पण आठवडाभरात माझ्या घराची घडी अशी काही बसली की आपल्याला इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही, असं मला वाटायला लागलं. डिशवॉशर रिकामा करणं, भाजी चिरणं, माझ्या आठ वर्षांच्या रियाला बसस्टॉपवरून आणणं, सगळं बाबा. मी मराठी मंडळाच्या सांस्कृतिक समितीची प्रमुख असल्यामुळे मंडळाच्या खुर्च्या मांडायलाही बाबाच. कोणीही 'काका, जरा...' म्हटलं की वाक्य पूर्ण व्हायच्या आत बाबा उठलेले असायचे.

मग त्यांना ती ब्रिटिश मालिका सापडली.

खरं तर मीच लावून दिली होती. "बाबा, इंग्रजी ऐकायची सवय होईल, खाली अक्षरंही येतात," मी म्हणाले. (दुपारी माझ्या मीटिंग असतात, तेव्हा त्यांनी शांत बसावं हा मुख्य हेतू.) मालिकेत लंडनमध्ये एकटा राहणारा एक चाळिशीतला माणूस होता. त्याला बायको नाही, मुलं नाहीत आणि कुठलंही काम करायची इच्छा नाही. बहीण म्हणते, माझं सामान हलवायला ये. शेजारीण म्हणते, माझ्या झाडांना पाणी घाल. हा आरामखुर्चीत बसून गोड हसतो आणि म्हणतो, "नॉट टुडे, थँक यू." बस, एवढंच. स्वतःची कामं मात्र तो याच लोकांकडून गोड बोलून करून घेतो, आणि गंमत म्हणजे तरीही सगळे त्याच्यावर प्रेम करतात.

दहाव्या भागापर्यंत बाबा नुसते हसत होते. अकराव्या भागानंतर मी वरच्या खोलीतून हाक मारली, "बाबा, कुकर लावता का?"

खालून शांत आवाज आला, "नॉट टुडे, थँक यू."

मला वाटलं विनोद केला. मी हसलेसुद्धा. संध्याकाळी कुकर रिकामा होता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी खुर्च्यांना नाही म्हटलं, मेथी निवडायला नाही म्हटलं. शनिवारी शेजारपाजारच्या मुलांना मराठी शिकवायचं मी परस्पर कबूल करून टाकलं होतं, त्यालाही नाही म्हटलं. रियाला मात्र बसस्टॉपवरून रोज आणायचे. "ती माझी मैत्रीण आहे, ते काम नव्हे," म्हणाले.

मी सहजासहजी हार मानणाऱ्यातली नाही. मी पासवर्ड बदलला.

तिसऱ्या दिवशी बाबा बूट घालून, कानटोपी चढवून, बर्फातून चालत गावातल्या लायब्ररीत गेले आणि त्याच मालिकेच्या डीव्हीडी घेऊन आले. आमच्याकडे डीव्हीडी प्लेअर नव्हता, म्हणून मी निर्धास्त होते. पण तीन घरं सोडून माझी मैत्रीण केतकी राहते. तिच्या बेसमेंटमध्ये तो होता, आणि तिथेच तिच्या सासूबाई, विद्याकाकूही होत्या.

पंधरा दिवसांनी केतकीचा फोन आला.

"मंजू, तुझ्या बाबांनी आमच्या आईंना बिघडवलंय."

"म्हणजे?"

"रोज सकाळी अकराला पाच जणं बेसमेंटमध्ये बसतात. देशपांडेकाका असतात, ते नाशिकचे काका-काकू असतात. तीन दिवसांपूर्वी मी आईंना पोळ्यांचं विचारलं, तर मला म्हणाल्या, 'नॉट टुडे, थँक यू.' अगं, त्यांना इंग्रजीत 'हॅलो' म्हणायची लाज वाटायची."

"मी बोलते बाबांशी."

"बोल यार. आज आम्ही पास्ता खातोय. सलग चौथ्या दिवशी."

मी बोलले. आधी प्रेमाने, मग रागाने, मग डोळ्यांत पाणी आणून. बाबा प्रत्येक वेळी पूर्ण ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि अकरा वाजता कानटोपी घालून निघायचे. त्यांच्यासाठी मी एका महाराजांची प्रवचनं शोधून काढली. विषय होता निष्काम सेवा. बाबांनी दहा मिनिटं ऐकली आणि म्हणाले, "बोलतात छान. पण स्वतः उठून पाणी घेताना दिसले नाहीत."

तरीही मी ठरवलंच होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू येत होतं. मंडळाने एका शाळेचा हॉल घेतला होता आणि आम्हा बायकांची नाटिका होती. लिहिलेली मी, बसवलेली मी, मुख्य भूमिकाही माझीच (ऑडिशन झाली होती, पण ती घेणारीही मीच). लहान मुलांचं काय करायचं, असं कोणीतरी ग्रुपवर विचारलं. मी ताबडतोब लिहिलं, 'काळजी नको. आपली ज्येष्ठ मंडळी शेजारच्या वर्गात मुलांना सांभाळतील.'

मग बाबांना सांगितलं.

"मला विचारलं होतंस का?" त्यांनी विचारलं.

"त्यात विचारायचं काय, बाबा?"

"मग नॉट टुडे, थँक यू."

"आज नाहीचये ते. शनिवारी आहे."

"शनिवारीही नॉट टुडे."

मला खात्री होती की ऐनवेळी ते येतील. शेवटी बाप आहे. इतकी वर्षं नाही म्हणाला नाही, तो माझ्या नाटिकेच्या दिवशी कसा म्हणेल?

शनिवारी मी नऊवारी नेसून, नथ घालून खाली आले तर फ्रिजवर चिठ्ठी होती. 'आम्ही पाच जण ट्रेनने शिकागोला जात आहोत. तिथलं मोठं तळं गोठलेलं बघायचं आहे. संध्याकाळी येऊ. साबुदाण्याची खिचडी केली होती, ती आम्ही नेली आहे.'

मी फोन लावला. मागे ट्रेनचा आवाज आणि विद्याकाकूंचं हसणं ऐकू येत होतं.

"बाबा, चौदा मुलं आहेत."

"वा, भरपूर आहेत," बाबा म्हणाले आणि फोन कट झाला.

हॉलवर बारा आया माझ्याकडे बघत होत्या. ग्रुपवर 'काळजी नको' असं मीच लिहिलं होतं, त्यामुळे चौदा मुलांबरोबर वर्गात मीच गेले. माझी भूमिका केतकीने हातात कागद धरून करायची ठरली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. माझ्या ज्या वाक्यांना तालमीत कोणी हसलं नव्हतं, त्यांना केतकी नुसती वाचून टाळ्या घेत होती.

इकडे मी मुलांना संक्रांतीची गोष्ट सांगायला घेतली. पाच मिनिटांत एकाने तिळाचा लाडू दुसरीच्या केसांत चिकटवला. दोघी टेबलाखाली जाऊन बाहेर यायला तयार नव्हत्या. एक जण माझ्या नऊवारीचा काष्टा धरून "इज धिस अ टेल?" म्हणजे हे शेपूट आहे का, असं विचारत होता. मी ओरडले. कोणी वळूनही बघितलं नाही. शेवटी रिया म्हणाली, "आई, जस्ट पुट ऑन आजोबाज् शो."

नवा पासवर्ड जगात फक्त मला माहीत होता. मी वर्गातल्या पडद्याला माझा फोन जोडला.

वर्ग एकदम शांत झाला. चौदा मुलं मांडी घालून बसली आणि लागोपाठ तीन भाग बघितले. तिसरा भाग चालू असताना मीही खाली बसून हसत होते, हे मी घरी कोणाला सांगितलेलं नाही.

नाटिका संपल्यावर मुलांचं गाणं होतं. महिनाभर घोटून बसवलेलं. मुलं ओळीने स्टेजवर उभी राहिली आणि मंडळाच्या अध्यक्षांनी माइक पुढे करून प्रेमाने विचारलं, "मग, म्हणायचं का गाणं?"

चौदा आवाज एका सुरात आले. काय आले, ते सांगायला नको. त्या गाण्याच्या तालमीत इतका सूर कधीच लागला नव्हता.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात चहा करत होते. गाल थंडीने लाल झालेले, कानटोपी अजून डोक्यावर. आई गेल्यापासून त्यांना इतकं खूष मी पाहिलं नव्हतं. त्यामुळे दिवसभर तयार केलेलं भाषण जरा मऊ करावं लागलं.

"बाबा, त्या माणसात तुम्ही एवढं काय बघता?" मी विचारलं.

त्यांनी चहा ढवळला. "तुझ्या आईनं चाळीस वर्षांत एकदाही 'आज नको' म्हटलं नाही," ते म्हणाले. "आणि म्हणावंसं वाटतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तो म्हणतो ना, ते ऐकायला बरं वाटतं."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "पण तो किती स्वार्थी आहे, बाबा."

"आहे ना. पक्का आहे. सगळ्यांना कामाला लावतो, आपण मजेत बसतो. पण का कोण जाणे, राग येत नाही त्याचा." बाबांनी चहा गाळला. "पहिल्याच दिवशी बघितला न, तेव्हा मनात म्हटलं, अरे, ही तर आपली मंजू."

मला फार लागलं. मी उठून वर निघून जाणार होते, पण तेवढ्यात त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला आणि दिवसभराची दमलेली मी पुन्हा खुर्चीत बसले. चहा चांगला झाला होता. आलं तेवढं जरा कमी पडलं होतं, ते मी त्यांना सांगितलं.